साकवातली दोन हात जागा

एका गावात एक राजा होता, अशी गोष्ट सुरू होते. या गोष्टीत गावं दोन आहेत, म्हणून एक राजा आहे आणि एक राणी आहे. आधीच सांगून टाकते, पुढे कोयते येणार आहेत. पण कुणाला साधं खरचटतही नाही. तेव्हा दचकू नका.

नदीचं नाव तांबडी. तिच्या एका काठावर सुरंगपाट, दुसऱ्या काठावर केळशेत. समुद्र जवळच, त्यामुळे भरतीचं पाणी नदीत उलटं शिरायचं. पूर्वी हे एकच राज्य होतं. आजोबांनी ते दोन मुलांना वाटून दिलं, आणि नदी आयतीच मध्ये होती. आता सुरंगपाटवर राजा रायाजी राज्य करायचा आणि केळशेतवर त्याची चुलत बहीण, राणी सगुणा. लहानपणी दोघं एकाच चिंचेवर चढलेली, एकाच फांदीवरून पडलेली. राजाच्या कोपरावर त्याची खूण होती, राणीच्या हनुवटीवर होती.

दोन्ही राज्यांना जोडणारा एक साकव होता. साकव म्हणजे लाकडी पायपूल. पावसाळ्यात नदी तो घेऊन जायची, म्हणून दर कार्तिकात तो नव्याने बांधायचा. सुरंगपाटचे लोक आपल्या काठाकडून बांधत यायचे, केळशेतचे आपल्या काठाकडून. मध्यावर दोन हात जागा मोकळी ठेवायची. मग त्या जागेत एक जाड दोर वळायचा, त्याने दोन्ही अर्धे साकव एकमेकांना करकचून बांधायचे, आणि वर फळ्या टाकायच्या. झाला साकव पुरा.

तो मधला दोर मात्र साधा नव्हता. त्याचा एक पदर काथ्याचा. काथ्या सुरंगपाटच्या माडांचा. तो खाऱ्या पाण्यात कुजत नाही, पण गाठीत ठरत नाही. दुसरा पदर अंबाडीचा. अंबाडी केळशेतच्या शेतातली. ती गाठ सोडत नाही, पण खाऱ्या पाण्यात कुजते. दोन्ही मिळून वळले की दोर ना कुजतो, ना सुटतो. हे कुणी शहाण्याने शोधलं नव्हतं. वर्षानुवर्षं वळता वळता हातांना कळलं होतं.

शेवटी नारळ फुटायचा. त्याचीही रीत होती. एका वर्षी नारळ सुरंगपाटचा आणि फोडणारा हात केळशेतचा. पुढच्या वर्षी नारळ केळशेतचा आणि हात सुरंगपाटचा. खोबरं दोन्ही काठांवर वाटायचं आणि जेवायला जायचं.

तीन वर्षांपूर्वी नारळ सुरंगपाटचा होता. राणी सगुणेने तो फोडला, आणि नारळ नासका निघाला. वास असा सुटला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

राणी म्हणाली, "वाहवा! भर सणाला आमच्या हातात नासका नारळ?"

राजाला खरं तर लाज वाटली होती. पण लाज वाटली की तो रागवायचा. तो म्हणाला, "नारळ चांगलाच होता. हातच नासका असेल."

एवढंच झालं. राणी पाठ फिरवून गेली. राजाही गेला. त्या वर्षीच्या फळ्या रातोरात कुणीतरी उचलल्या आणि दोर सोडून टाकला. त्यानंतर दर कार्तिकात दोन्ही राज्यं साकव बांधत राहिली, कारण आपण थांबलो तर समोरचे म्हणतील दमले. पण मध्ये येऊन दोघंही थांबायचे. मधली दोन हात जागा तशीच राहायची. तीन वर्षं.

दोन हात म्हणजे किती? एखादी शेळी उडी मारून गेली असती. खरं म्हणजे एक शेळी रोज जायचीही. सकाळी केळशेतला पाला खायला, संध्याकाळी परत. तिला कुणी अडवलं नाही. माणसं मात्र त्या जागेच्या अलीकडे उभी राहून पलीकडे बघायची, आणि जणू मध्ये समुद्र आहे अशी मागे फिरायची.

त्या जागेच्या दोन बाजूंना दोन पहारेकरी बसायचे. इकडे धाकू, तिकडे बाबल. आणि गंमत अशी की हे दोघे साडू होते. धाकूची बायको तुळसा आणि बाबलची बायको चंद्रा या सख्ख्या बहिणी, दोर वळणाऱ्याच्या मुली. तुळसा चंद्राला आक्का म्हणायची. साकवाचा मधला दोर दर वर्षी या दोघीच वळायच्या. आक्का लग्न होऊन केळशेतला गेली तेव्हा तुळसा फार रडली नव्हती. कार्तिकात दोर वळायला भेटणारच होतो की! आता तीन कार्तिक कोरडे गेले होते.

साडू एकमेकांशी बोलायचे नाहीत, कारण तसा हुकूम होता. पण स्वतःशी मोठ्याने बोलायला बंदी नव्हती.

"काही लोकांकडे भाकरीबरोबर सुकट असते म्हणे," बाबल आभाळाकडे बघत म्हणायचा. "एकट्याने खातात. पोटात दुखत नाही त्यांच्या."

"काही लोकांचं लक्ष नदीवर कमी आणि दुसऱ्याच्या फडक्यावर जास्त असतं," धाकू पाण्याला सांगायचा. आणि थोडी सुकट कागदासारख्या केळीच्या सुक्या पानावर ठेवून, ते पान शेळीच्या शिंगाला अडकवून द्यायचा. शेळी केळशेतला जायची. हुकूम मोडला गेला नाही.

असंच चाललं असतं. पण त्या वर्षी मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला मोठं उधाण आलं. समुद्राचं पाणी नदीत शिरलं, सुट्टे अर्धे साकव झोके खाऊ लागले, आणि सकाळी पाहतात तो सुरंगपाटचे चार वासे गेलेले. राजा म्हणाला, केळशेतने चोरले. पण केळशेतचेही पाच गेले होते. राणी म्हणाली, सुरंगपाटने चोरले.

दोन खलिते निघाले. दोन्हींत मजकूर एकच, फक्त नावं उलटी: "येत्या पौष पौर्णिमेला, दुपारची भरती लागायच्या आत आमचे वासे परत आले नाहीत, तर आमची माणसं कोयते घेऊन तुमचा अर्धा साकव तोडून टाकतील. मध्ये कुणी आलं तर त्याचा विचार केला जाणार नाही."

मध्ये कोण येणार होतं? साडू.

त्या दिवसापासून धाकू अंगणात कोयत्याला धार लावू लागला. दगडावर एकेक घासा पडला की घरात तुळसा दचकायची. तशी ती पहिल्यापासून भित्री. पाल चुकचुकली तरी दचकायची, भांडं पडलं तरी दचकायची. कुणी मोठ्याने नाव घेतलं तर आपण काय चूक केली ते आधी आठवायची. गावात तिला लाडाने 'दचकी' म्हणत.

तिने दारातून विचारलं, "पौर्णिमेला समोर भाऊजीच असतील ना?"

"दुसरं कोण असणार?" धाकू म्हणाला.

"मग?"

"मग काय? मला ठाऊक आहे तो डावखुरा आहे. मी जपून राहीन."

तुळसाला एकदम वाटलं, पलीकडे आक्काही आत्ता दारात उभी असेल. आणि भाऊजी तिला सांगत असतील, धाकूचा उजवा गुडघा दुखतो, मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं एकमेकांच्या पंक्तीला बसून कळलेल्या गोष्टी आता अशा कामाला येणार होत्या. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

राजाने आधी वकील पाठवला. हा मोठा विद्वान माणूस. तो साकवाच्या टोकाला उभा राहिला आणि त्याने महाराजांच्या पदव्या म्हणायला सुरुवात केली. समोरून केळशेतच्या वकिलाने राणीसाहेबांच्या पदव्या सुरू केल्या. दोघेही एकाच वेळी, आणि दोघांचाही आवाज मोठा. दुपारपर्यंत पदव्या संपल्या नाहीत, घसे मात्र संपले.

राजाने विचारलं, "काय म्हणाले ते?"

वकील खोकत म्हणाला, "महाराज, ते काय म्हणाले हे ऐकू यायला मी गप्प बसायला हवं होतं."

पौर्णिमा सहा दिवसांवर आली. सुरंगपाटचा प्रधान दाजीपंत हा म्हातारा, पाठीत वाकलेला माणूस. तो धाकूच्या घरी आला. लढाईच्या दिवशी माणसांना धरायला काठावर दोर बांधायचे होते, ते सांगायला. तुळसा खाली मान घालून काथ्या पिंजत होती. दाजीपंत दोरांची लांबी सांगत होता, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "वासे कुणी चोरलेच नाहीत."

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"नाही बाळ, म्हणालीस तू काहीतरी."

तुळसा पुन्हा काथ्या पिंजू लागली. पण दाजीपंत खाली बसला. अगदी जमिनीवर, काथ्याच्या ढिगाशेजारी. तेव्हा तिला थोडा धीर आला. ती म्हणाली, "मधला दोर नाही, म्हणून दोन्ही अर्धे साकव सुटे आहेत. उधाणाचं पाणी आलं की हलतात, वासे निखळतात. बांधलेले असते तर एकाला दुसऱ्याने धरलं असतं. येत्या पौर्णिमेला पुन्हा उधाण आहे. तुम्ही तोडायच्या आधीच नदी दोन्ही नेईल. आणि मग तुम्ही म्हणाल त्यांनी नेलं, ते म्हणतील तुम्ही नेलं." एवढं लांब ती आयुष्यात बोलली नव्हती. बोलून झाल्यावर ती स्वतःच घाबरली.

दाजीपंताने तिला राजासमोर नेलं.

राजा म्हणाला, "शिष्टाईला हिला पाठवू? पंत, ही मांजर आडवी गेली तरी दचकते!"

"म्हणून तर, महाराज," दाजीपंत म्हणाला. "आपण कुणाला न भिणारा वकील पाठवला. शूर माणसाला समोरचा चिडलेला कळतो तो चिडल्यावर. हिला आधीच कळतं. आणि एक सांगू? जिला भांडणाची भीती वाटते, ती भांडण सुरू कशाला करील?"

राजाने तुळसाकडे पाहिलं. "जाशील का गं?"

तुळसाला नाही म्हणायचं होतं. पण तिच्या कानात कोयत्याचा घासा वाजला. ती म्हणाली, "जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साकवावर गेली. पायाखाली पाणी, समोर बाबल, बाबलच्या मागे केळशेतची माणसं, मागे काठावर खुर्चीत राणी सगुणा. तुळसाने तोंड उघडलं. आवाज इतका बारीक निघाला की नदीच्या खळखळाटात कुणाला काही कळलं नाही.

"काय म्हणते ती?" केळशेतची माणसं ओरडली.

"गप्प बसा, म्हणजे कळेल!" बाबल त्यांच्यावर ओरडला. "माझी मेहुणी आहे ती. तिचा आवाज एवढाच आहे."

माणसं गप्प झाली. इकडे धाकूनेही आपल्या माणसांना गप्प केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या जागेवर दोन्हीकडून शांतता होती.

तुळसा म्हणाली, "मी तह करायला आले नाही. मला तह येत नाही. नारळाचंही मी काही बोलणार नाही. मी दोर वळायला आले आहे. काथ्या आणला आहे. तुमच्याकडे अंबाडी असेल, आणि आक्का असेल, तर उधाणाच्या आत दोर होईल. मग पौर्णिमेला साकव तोडायचा असेल तर तोडा. पण निदान तो तुमचा तुम्ही तोडाल, नदी नेणार नाही."

राणीला याचं हसू आलं. पण तिने ते दाखवलं नाही. ती म्हणाली, "चंद्राला बोलवा."

आक्का आली. काखेत अंबाडी होती. ती काही निरोप मिळाल्यावर काढलेली नव्हती. पिंजून, विंचरून, पेळू करून ठेवलेली होती. तीन वर्षं ती दर कार्तिकात अंबाडी तयार करून ठेवत होती. दोघी त्या दोन हात जागेच्या दोन बाजूंना बसल्या. आक्काने हात लांब केला आणि तुळसाच्या हनुवटीला धरलं.

"वाळलीस गं."

"तू पण."

"मी नाही वाळले. मी जाड झाले आहे. नीट बघ."

तुळसा रडता रडता हसली. मग दोघींनी काथ्याचं टोक आणि अंबाडीचं टोक एकमेकांत अडकवून पक्कं केलं.

आता दोर वळायची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काथ्याचा लांब पदर सुरंगपाटच्या काठापर्यंत न्यायचा, अंबाडीचा केळशेतच्या काठापर्यंत. जोड मध्ये, त्या मोकळ्या जागेवर. दोन्ही टोकांना एकेक दांडी बांधायची आणि समोरासमोर उभं राहून दोघांनी दांडी फिरवायची. भरपूर पीळ बसला की जोडाला एक दगड टांगून तो जागेतून खाली सोडायचा, आणि दोन्ही टोकं धरलेल्यांनी हळूहळू मध्याकडे चालत यायचं. दगड खाली जातो, दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळत जातात. टोकं धरलेली माणसं मध्यावर येऊन पोचतात तेव्हा दोर तयार असतो.

एरवी दांड्या या दोघी बहिणीच फिरवायच्या. पण राणी उठली आणि म्हणाली, "आमच्या बाजूची दांडी मी धरणार. सुरंगपाटच्या माणसांचा भरवसा नाही."

हे राजाला कळलं. आता राणी धरणार तर समोर दुसरं कुणी कसं चालेल? मान कमी होतो. राजा तडक आला, शेला कमरेला खोचला आणि त्याने काथ्याची दांडी धरली. तुळसाला हे मागायची छाती कधी झाली नसती. मानापमानाने ते फुकटात करून दिलं.

अडचण एकच होती. राजे लोक साकवावर यायचे ते नारळ फोडायला. दोर कसा वळतात हे दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं.

आक्का आणि तुळसा मध्ये जोडाशी बसल्या. आक्का ओरडली, "दांडी उजवीकडे फिरवा!" राणीने उजवीकडे फिरवली. राजाने उजवीकडे फिरवली. पदर ताठ व्हायला लागले. पीळ चढू लागला.

तेवढ्यात सुरंगपाटच्या काठावरून कुणीतरी ओरडलं, "महाराज! त्या उलट्या फिरवतायत!"

राजाने बघितलं. खरंच. त्याची दांडी उजवीकडे जात होती आणि समोर राणीची डावीकडे. "बघा," तो म्हणाला, "आपण पीळ देतोय, ती काढते आहे!" आणि राणीला धडा शिकवायचा म्हणून त्याने आपली दांडी ती फिरवते आहे तशी, डावीकडे फिरवायला सुरुवात केली.

झालं. दोन्ही टोकं एकाच बाजूला फिरू लागली. दोर नुसता गरागरा फिरला. पुढे पीळ चढेना. राजाने जोर केला, राणीपेक्षा भराभर फिरवलं, तेव्हा चढलेलाही उतरू लागला. पदर सैल पडला, मध्ये झोळ आला.

"दादा!" राणी काठावरून ओरडली. "तू मुद्दाम सोडवतोयस!"

ती तीन वर्षांत त्याला दादा म्हणाली नव्हती. पण रागात कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. केळशेतची माणसं पुढे सरकली. सुरंगपाटची पुढे सरकली. बाबल उभा राहिला, धाकू उभा राहिला. दोघांचेही हात कमरेच्या कोयत्यावर गेले. बाबलचा डावा, धाकूचा उजवा.

तुळसाचं काळीज इतकं धडधडत होतं की तिला वाटलं साकवच हलतो आहे. पळावंसं वाटलं. पण जोड तिच्या हातात होता. ती उठली असती तर तो पाण्यात गेला असता. ती बसून राहिली आणि म्हणाली, "कुणीच चुकलं नव्हतं."

ऐकू कुणाला येणार? पण बाबलने ते ओठ हललेले पाहिले. त्याने कोयत्यावरचा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "ती बोलते आहे," तो म्हणाला.

तुळसा राजाला म्हणाली, "महाराज, आपला उजवा हात वर करा." मग राणीला म्हणाली, "राणीसाहेब, आपणही उजवा."

दोघांनी हात वर केले.

"महाराज, त्यांचा हात तुम्हाला कुठल्या बाजूला दिसतो?"

"माझ्या डावीकडे," राजा म्हणाला.

"राणीसाहेब, आणि त्यांचा?"

"माझ्या डावीकडे," राणी म्हणाली, आणि थांबली.

"दोघांनीही उजवाच वर केला आहे," तुळसा म्हणाली. "समोरासमोर उभं राहिलं की समोरच्याचं उलटंच दिसतं. आई आम्हाला शिकवायची, समोरच्या हाताकडे बघून वळायचं नाही. मध्ये दोराकडे बघायचं. दोर ताठ होत असेल, तर समोरचा बरोबर फिरवतो आहे. तुम्ही दोघंही मघाशी बरोबर फिरवत होता."

शेळी तेवढ्यात उडी मारून केळशेतला गेली.

मग राजाने दांडी पुन्हा धरली. राणीने धरली. या वेळी दोघांनीही समोर बघितलं नाही. दोघंही मध्ये दोराकडे बघत होते. पदर ताठ झाला, आणखी ताठ झाला, वीणेच्या तारेसारखा गुणगुणू लागला.

"आता चालत या," आक्का म्हणाली. तिने जोडाला दगड टांगला आणि हळूच खाली सोडला. "सावकाश. एकाने घाई केली तर गुंता होईल. दोघांनी बरोबर."

राजा आपल्या अर्ध्या साकवावरून एक पाऊल पुढे आला. राणी आपल्या अर्ध्यावरून एक पाऊल. तो थांबला की ती थांबायची. ती निघाली की तो निघायचा. खाली काथ्या आणि अंबाडी एकमेकांना मिठी घालत होते, कुणी न सांगता. शेवटचं पाऊल पडलं तेव्हा दोघं त्या दोन हात जागेच्या दोन काठांवर उभे होते, इतके जवळ की राजाला राणीच्या हनुवटीवरची खूण दिसली.

"दुखते का अजून?" त्याने विचारलं.

"थंडीत," ती म्हणाली. "तुझं कोपर?"

"थंडीत."

बहिणींनी दोर ओढून घेतला आणि साकव बांधला. फळ्या पडल्या. पौर्णिमेला दुपारी उधाण आलं, पाणी वाशांना धडका देऊन गेलं, साकव एकदा कुरकुरला आणि जागचा हलला नाही. एक वासा सुद्धा गेला नाही. चोर सापडला म्हणायचा. तो दर पौर्णिमेला येत होता आणि दोघांच्याही अंगणातून जात होता.

मग नारळ आणला. पाळीप्रमाणे नारळ केळशेतचा होता आणि फोडणारा हात सुरंगपाटचा. राणीने बागेतला सगळ्यात चांगला नारळ निवडला होता. तीन वेळा कानाशी हलवून पाहिला होता. राजाने तो दगडावर आपटला.

नारळ नासका निघाला.

तोच वास. त्याच बायकांनी तेच पदर नाकाला लावले. राणीचा चेहरा पांढरा पडला. सुरंगपाटचे लोक राजाकडे बघू लागले. तीन वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य आता त्याच्या हातात आयतं आलं होतं. नुसतं 'वाहवा!' म्हणायचं होतं.

राजाने फुटक्या नारळाकडे पाहिलं. मग वाकून मधल्या दोराला हात लावून पाहिला. ताठ होता.

तो म्हणाला, "हात माझा होता. हातच नासका असणार."

राणीचे डोळे भरून आले. "नाही दादा, नारळच आमचा वाईट."

"छे, हात."

"अरे नारळ म्हणते ना मी!"

"मी राजा आहे, मी सांगतो, हात!"

"आणि मी कोण आहे? नारळ!"

दोघांचेही आवाज चढले. माणसं पुन्हा पुढे सरकायला लागली, काय चाललंय ते कळेना. तुळसाला तेच आवाज, तोच वास, तेच सगळं दिसलं, आणि तिच्यातून असा काही आवाज निघाला की तो दोन्ही काठांवर पोचला.

"आता यावरून भांडू नका!"

राजा दचकला. राणी दचकली. धाकूच्या हातातली सुकट पाण्यात पडली. दाजीपंताची काठी सुटली. शेळीसुद्धा मध्येच उभी राहिली. त्या दिवशी तिथे न दचकलेली एकटी तुळसाच होती.

आधी बाबल हसला, मग सगळे हसले. नासका नारळ नदीला दिला, माशांनी कुरकुर केली नाही. दोन्हीकडचे लोक जेवायला बसले, आणि साडू एका पानावर.

तात्पर्य: समोरासमोर उभ्या असलेल्या शेजाऱ्याचा हात आपल्याला नेहमी उलटाच फिरताना दिसतो, म्हणून त्याच्या हाताकडे नाही, दोघांच्या मध्ये असलेल्या दोराकडे बघावं.